शिनोलीचं कालबूत

मुक्काम शिनोली, घोडेगावाजवळ
ता. १२ फेब्रुवारी १९०९

सावळारामदादांस राजमहंमद गवंड्याचा सलाम आणि रामराम. बयावहिनींस नमस्कार. पुतण्या सोमाजीस आशीर्वाद. हे पत्र तोच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर जरा मोठं काढतो आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत. हसीना जुन्नरला घरी आहे. तिचे गुडघे आहेत तसेच आहेत. मी इथे ओढ्याच्या काठी झोपडीत राहतो, भीमाशंकराच्या रस्त्यावर सरकारी पुलाचं काम चालू आहे त्यावर.

तुमचं कार्ड जुन्नरच्या पत्त्यावर आलं होतं. शेजारचा जलाल घोडेगावच्या बाजाराला आला, त्यानं आणून दिलं. मी ते उन्हात बसून दोनदा वाचलं, मग उलटं करून पाहिलं की मागे आणखी काही लिहिलं आहे का. दादा, इतक्या वर्षांनी तुमचं कार्ड येतं, आणि तुम्ही विचारता काय, तर कालबूत म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून! जी वस्तू तुम्ही सारा जन्म हातानं जोडली, तिचा अर्थ मला विचारता. मला आधी हसू आलं. नंतर हसू गेलं.

पण विचारलंत तर सांगतो. तुमच्या पेठेतल्या ज्या पेन्शनर साहेबांच्या दाराला तुम्ही बिजागऱ्या बसवता आहात, ते बांधकामातले आपले शब्द जमवताहेत ही चांगली गोष्ट आहे. त्यांना असं सांगा.

दगडाची कमान घालायची तर चावीचा दगड बसेपर्यंत ती आपली आपण उभी राहत नाही. म्हणून आधी खाली लाकडाची कमान करायची. खांब, तुळया, वर गोलाईनं फळ्या, आणि सगळ्याच्या बुडाशी पाचरा. या लाकडी कमानीवर गवंड्यानं दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे. मधला चावीचा दगड बसला, चुना धरला, की पाचरा सैल करून लाकूड हळूहळू खाली घ्यायचं. मग कमान आपल्या पायावर. ती जी खालची लाकडी कमान, ते कालबूत. सुतारानं करायचं आणि सुतारानंच काढायचं. हे साहेबांना तुम्हीच माझ्याहून चांगलं सांगाल.

आता शब्द कुठला, ते. आमचे बिगारी त्याला काळभूत म्हणतात. त्यांचं म्हणणं, त्याच्याखाली माणसं मेलेली असतात, म्हणून काळाचं भूत. इथली एक म्हातारी गवताचा भारा घेऊन रोज ओढ्यातून जाते, ती लांबचा फेरा घेते पण त्याच्याखालून जात नाही. आमचा ओव्हरसियर सेंटरिंग म्हणतो, तो इंग्रजी शब्द झाला. जुन्नरचे चांभार जोडा शिवताना आत जे लाकडी पाऊल घालतात, त्यालाही कालबूतच म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शब्द आपल्या एकट्यांचा नाही.

मागच्या शुक्रवारी जुन्नरला गेलो होतो, तेव्हा नमाजानंतर मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शब्द फारसी आहे, मूळ कालबुद. अर्थ शरीर. नुसतं शरीर, आतला जीव सोडून. त्यावरून आकार, साचा. मी म्हटलं, मौलवीसाहेब, कमानीचं शरीर म्हणजे दगड. लाकडाला शरीर का म्हणावं? तर म्हणाले, "ते मला काय विचारता? पूल तुम्ही बांधता."

आमच्या अब्बांना तुम्ही उस्ताद म्हणायचात. ते एवढंच सांगायचे की कमानीला स्वतःचं अंग येईस्तोवर तिला हे उसनं अंग द्यायचं. यापलीकडे त्यांनाही माहीत नसावं. साहेबांना पटेल तेवढं घ्यावं.

इकडची हकीकत अशी. शिनोलीत पौषाच्या आधीच प्लेगाचे उंदीर पडले. सगळं गाव बाहेर माळावर छपरं घालून राहिलं आहे. घरं कुलपं लावून ओस. आम्ही ओढ्याच्या अलीकडे आहोत म्हणून काम बंद पडलं नाही, पण बिगारी टिकत नाहीत. मंचरहून एक सुतार आणला आहे. वाईट नाही. पाचर मारल्यावर पुन्हा वाकून बघत नाही, एवढंच. तुमच्यानंतर माझा कुणाच्या लाकडावर भरवसा बसला नाही, आणि आता या वयात बसणारही नाही.

कार्डाच्या शेवटी वहिनींनी विचारलं आहे, तिकडे थंडी कशी आहे. थंडी होती. पौषात फार होती. आता उतरली आहे.

दादा, पुण्यात मौलवी थोडे नाहीत. फारसी शिकवणारे मास्तर आहेत. त्यांच्यापैकी कुणाला न विचारता तुम्ही शब्दाचा अर्थ इकडे विचारता, याचा मी काय अर्थ घ्यायचा? मी शिनोलीला आहे हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. जे तुम्ही कार्डात विचारलं नाही, ते मी आपणहून लिहावं की नाही, हे मला कळत नाही. म्हणून आज लिहीत नाही.

प्रकृतीला जपावं. वहिनींना सांगा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहायचं राहिलं आहे.

तुमचा
राजमहंमद


मुक्काम जुन्नर
ता. २८ मार्च १९०९

सावळारामदादांस सलाम आणि रामराम.

सोमाजी, बाळा, पहिलं तुला सांगतो. हे पत्र सगळं वाच. मधे थांबू नकोस, काही गाळू नकोस. आणि दादा उठून बाहेर गेले तर वहिनींना वाचून दाखव.

दादा, पाडव्याला तुमचं दुसरं कार्ड येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी आता घरीच आहे. माझं काम सुटलं, ते का सुटलं हे सांगायचं तर सारजाचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून घेतो.

तुमची सारजा शिनोलीला आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण सोमाजीला अर्धंच माहीत असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. तिचा पहिला नवरा मंचरला प्लेगात गेला. तिनं मग गेणू कोळ्याशी मोहतूर, म्हणजे पाट, लावला. दुसऱ्या जातीत गेली म्हणून तुमच्या पंचांनी दंड सांगितला, तुम्ही दंड भरला नाहीत, त्याऐवजी लेक मेली असं धरून तिच्या नावानं अंघोळ केली आणि पुण्याला निघून गेलात. मी त्या मोहतुराला गूळ घेऊन गेलो होतो. ती माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर, मी कसा जाणार नव्हतो? तेव्हापासून तुमचं माझं बोलणं तुटलं. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला जातीत राहायचं होतं, मला ती अडचण नव्हती.

या कामावर आलो तेव्हा ती पहिल्याच दिवशी भेटली. डोक्यावर पाण्याचा हंडा होता. तो उतरवून ठेवला आणि म्हणाली, "चाचा, तुमी म्हातारं झालात." मग रडली. गेणू भला माणूस आहे. बोलत नाही फारसा. हिरडा गोळा करतो, थोडी नाचणी पिकते.

तिला मुलगा होता. दोन वर्षांचा. त्याचं नाव तिनं चिमाजी ठेवलं होतं, तुमच्या वडिलांचं. गेणूच्या आईला ते पसंत नव्हतं, पण सारजानं ऐकलं नाही. गाव माळावर गेलं तेव्हा त्याच्या पाठची मुलगी अगदी तान्ही होती, तिला पोटाशी धरून निजायचं, आणि पोरगा बापाजवळ. छपराला तिन्ही बाजूंनी वारा. पौषात त्याची छाती भरली. हळद, ओवा, शेक, सगळं झालं. घोडेगावच्या डॉक्टराकडे गेणू त्याला पाठीवर बांधून घेऊन गेला, तो वाटेतूनच परत आला. खड्डा मी खणला, दादा. बाकी कुणाला खणता येत नव्हता, जमीन गोठल्यासारखी कडक झाली होती आणि गेणूचे हात चालत नव्हते.

वहिनींनी कार्डात थंडीचं विचारलं, तेव्हा हे सगळं झालेलं होतं. मी थंडी उतरली म्हणून लिहिलं. याहून दुसरं मला लिहिता आलं नाही. वहिनींनी मला माफ करावं.

आता पुलाचं. माघ सरता सरता चावीचा दगड बसला. ओव्हरसियरसाहेबांनी हुकूम दिला की चैत्र सरेपर्यंत कालबुताला कुणी हात लावायचा नाही, चुना धरला पाहिजे. मग ते तापानं आजारी पडून रजेवर गेले. होळीला मंचरचा सुतार घरी गेला तो आलाच नाही. होळीनंतर एके दुपारी भीमाशंकराकडून अवकाळी आला. आधी वारा, मग गारा. माळावरची छपरं अशी उडाली की गवताची काडी जागेवर राहिली नाही. माणसं भिजत बसून राहिली, कारण गावात परत जायची भीती. गावात पुन्हा एक उंदीर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा आली. अंगावरचं लुगडं अजून ओलं होतं. पोरगी छातीशी. मागे गेणू आणि गावातले काही लोक, पण ते लांब उभे राहिले.

ती म्हणाली, "चाचा, लाकूड द्या."

"कुठलं?"

"कमानीखालचं. खांब हायेत, फळ्या हायेत. पाच-सहा छपरं पक्की व्हतील. पोरं तरी फळीवर निजतील."

मी म्हटलं, "सारजे, चुना ओला आहे. हुकूम नाही."

"हुकूम कुणाचा?"

"साहेबाचा."

"सायेब कुटं हाय?"

साहेब पुण्याला, तिला ते माहीत होतं.

मग ती म्हणाली, आणि आवाज चढवून नाही म्हणाली, "रातभर हिला अंगावर धरून उभी व्हते. खाली टेकवायला कोरडी जागा न्हाई. एक गेलं. तुमीच पुरलं. न्हाई म्हणायचं असंल तर म्हणा, मी जाते. परत इचारायची न्हाई."

मी ओढ्यात उतरलो. खिळा घेतला आणि वरच्या सांध्यात टोचून पाहिला. तो आत जात होता, दादा. धरलेल्या चुन्यात खिळा जात नाही. तिथे उभा राहून मी बराच वेळ वर बघत होतो. त्या कमानीत माझा सगळा हिवाळा गेला होता. खाली उतरली तर दगड तरी परत चढवता येतील, असं मनाला सांगितलं. पण त्या वेळी खाली माणूस असला तर? आणि सोडवायचं कोणी? मी आजवर शेकडो वेळा पाहिलं आहे, पण पाचरेला हात लावलेला नाही. तुम्ही लावू दिला नाहीत. गवंड्यानं पाचरेपाशी यायचं नाही, असं म्हणून तुम्ही मला कितीदा हाकललं.

मी सारजाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला येतं."

"तुला?"

"भाकरी घेऊन यायचे न्हाई का मी? बाबा काम हुईस्तोवर जेवायचे न्हाईत. मी बसून बगायचे."

तिनं पोरगी गेणूच्या आईकडे दिली, पदर खोचला आणि ओढ्यात मधोमध उभी राहिली. मला तिनं खाली येऊ दिलं नाही, वरून कमानीच्या दगडांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. एका बाजूला गेणू, दुसऱ्या बाजूला एक मोठ्या अंगापिंडाचा माणूस, दोघांच्या हातात हातोडे. आणि ती सांगत होती.

"मधल्या आदी. दोनी बाजूंनी एकदम. एक टोला. थांबा."

ते थांबले. ती कान देऊन उभी.

"आता दुसरा. हळू. थांबा."

तो दुसऱ्या बाजूचा माणूस भीतीनं भराभर मारायला लागला, तशी ती ओरडली, "घाई ज्याला असंल त्यानं घरी जावं!"

दादा, तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. ते वाक्य तुम्ही मला, अब्बांना, एकदा एका गोऱ्या साहेबालाही ऐकवलं होतं. मी वर बसून तोंड फिरवलं, कारण डोळे पुसताना तिनं बघू नये असं वाटलं.

फळ्या सुटल्या तेव्हा कमान थोडी खाली आली. आवाज झाला, जाड कापड फाटावं तसा. चुन्याचे कण पडले. बिगारी पळाले, गेणूही मागे सरला. ती हलली नाही. वर बघत राहिली, आणि मग मला विचारलं, "बसली का, चाचा?" मी दगडावर हात ठेवून पाहिला. चावीच्या दगडाशेजारी केसाएवढी चीर गेली होती. बाकी सगळं जागेवर. मी म्हटलं, "बसली." मग तिनं खाली वाकून लाकूड ओढायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत छपरं उभी राहिली. मुलं फळ्यांवर निजली.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. अजून तापातून पुरते उठलेले नव्हते, गाडीतून उतरताना त्यांना धरावं लागलं. चीर पाहून ते लाल झाले.

"मिस्त्री, पूल पडला असता तर?"

"पडला असता, साहेब."

"खालचे लोक मेले असते."

"मेले असते."

"मग हे केलंस कशाला?"

मी माळाकडे बोट केलं. ते तिकडे चालत गेले, छपरांमधून फिरले. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोरीचं लिहीत नाही. लाकूड परत आलं पाहिजे. तुझं काम सुटलं." मी हत्यारं बांधून घरी आलो. खरं सांगायचं तर मला वाईट कमी वाटलं, थकवाच जास्त वाटला. हसीना म्हणते, आता बसा. मी बसतो. बसून पाठ जास्त दुखते.

एवढंच सांगायचं होतं. मी तुम्हाला बोलावत नाही. तुमच्या पंचांचा, तुमच्या मनाचा निवाडा मी करणारा कोण? फक्त तुम्हाला नात आहे, हे तुम्हाला माहीत नसताना तुम्ही त्या पेठेत बिजागऱ्या बसवत राहावं, हे मला सोसलं नाही.

वहिनींस पुन्हा एकदा, माफी असावी.

तुमचा दोस्त, तुम्ही मानत असाल तर
राजमहंमद


मुक्काम जुन्नर
ता. २३ मे १९०९

सावळारामदादांस सलाम. वहिनींस नमस्कार. सोमाजीस आशीर्वाद.

मधे तुमचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, शब्दाचं पेन्शनर साहेबांना सांगितलं, त्यांनी उतरवून घेतलं, फारसी आहे हे त्यांना ठाऊक होतं पण काळभूत ठाऊक नव्हतं, ते ऐकून खूश झाले. बस्स. बाकी एक ओळ नाही. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता, आता लपवून काय करू? हसीनाला म्हटलं, हा माणूस दगड आहे, याच्याशी माझं संपलं. तिनं कार्ड घेतलं आणि ठेवून दिलं.

इकडची खबर. प्लेग हटला. अक्षय्यतृतीयेनंतर शिनोलीचे लोक घरांत परतले. लाकूड सगळं परत गेलं, दोन फळ्या फाटल्या होत्या तेवढ्या सोडून. पुलावरून बैलगाड्या जायला लागल्या. ओव्हरसियरसाहेबांनी चिरेवर चुन्याचं बोट ओढून ठेवलं आहे, चीर वाढली तर ते तुटेल. अजून तुटलं नाही. पावसाळा निघाला की कळेल. मला परत बोलावलेलं नाही, आणि आता बोलावलं तरी मी जाईन असं वाटत नाही. इथे एका घराची भिंत नीट करतो आहे, सावलीतलं काम आहे, जमेल तसं करतो.

काल गेणू हिरडा घेऊन जुन्नरला आला होता. बरोबर सारजा होती, पोरगी होती. आमच्याकडेच उतरले. हसीनानं पोरीला तेल लावून न्हाऊ घातलं. जेवणं झाल्यावर सारजा ओसरीवर बसली आणि म्हणाली, "चाचा, बाबा आलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुणाचे बाबा?

"माझं."

दादा, तुम्ही आलात आणि मला कळवलं नाहीत! तिथून जुन्नर काही फार लांब नाही. पण ते असू द्या.

तिनं मला सगळं सांगितलं. ते मी तुम्हाला परत लिहितो, कारण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही आणि वहिनींना कळलं पाहिजे. तुम्ही मंचरपर्यंत टांग्यानं आलात आणि तिथून चालत. भर उन्हात दाराशी येऊन उभे राहिलात, खांद्याला हत्यारांची पिशवी. ती दळत होती. तिनं वर पाहिलं तर उंबऱ्यापाशी तुम्ही. ती उठली, पण पाया पडायला तिचा धीर झाला नाही. तुम्हीही आत आला नाहीत. बाहेरच्या दगडावर बसलात. तिनं पाण्याचा तांब्या आणून जरा लांबच खाली ठेवला, म्हणजे घ्यायचा तर घ्याल. तुम्ही तांब्या उचलून पाणी प्यालात. सगळं.

मग तुम्ही त्यांचं दार पाहिलंत. ते खाली घासत होतं, नीट लागत नव्हतं, गेल्या पावसापासून तसंच. तुम्ही गेणूला खुणेनं बोलावलंत, दोघांनी मिळून दार उतरवलं. अंगणात आडवं टाकून रंधा मारलात, चौकटीची एक बाजू ठोकून सरळ केलीत, दार परत चढवलंत. लावून पाहिलंत, उघडून पाहिलंत. या सगळ्या वेळात तुमचं एक अक्षर नाही. पोरगी रांगत येऊन रंध्याच्या ढलप्यांत बसली, तेव्हा तुम्ही पटाशी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलीत. सारजा म्हणते, तुम्ही तिला हात लावला नाही. पण काम थांबवून तिच्याकडे बघत राहिलात, गेणू खाकरेपर्यंत.

तिनं भाकरी केली. नाचणीची, आणि वर मिरचीचा ठेचा. ताट पुढे केलं, पण तुम्ही ते परत सारलंत तर काय करायचं, हे तिनं मनाशी काही ठरवलं नव्हतं. तुम्ही हात धुतलेत. जेवलात. गेणू समोर उभा होता, त्याला खुणेनं बस म्हणालात.

मी सारजाला विचारलं, "आणि काही बोलले नाहीत? जाताना तरी?"

ती म्हणाली, "जाताना न्हाई. जेवताना बोललं."

"काय?"

तिनं पदर तोंडाला लावला होता, त्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं.

"म्हणलं, अजून एक भाकरी दे."

दादा, माझ्या घरी तुम्ही आला नाहीत याचं मला आता काही नाही. वहिनींना हे सोमाजीनं आज, लगेच, मोठ्यानं वाचून दाखवावं. त्यांना पुढच्या वेळी बरोबर आणावं. वाटेत जुन्नर लागत नाही हे मला ठाऊक आहे, मीच शिनोलीला येऊन बसेन.

तुम्ही काही उत्तर लिहू नका. मला पुरे झालं.

तुमचाच
राजमहंमद